वाचक विचारतात : तारेच्या कुंपणाआतलं सोलापूर

३१ ऑगस्ट, म्हणजे गुन्हेगार जमात कायद्यातून सुटकेचा विमुक्त दिन, जवळ आला की सोलापूरहून येणाऱ्या पत्रांत सेटलमेंटचा, म्हणजे त्या कायद्याखालच्या कुंपणाच्या वसाहतीचा, विषय हटकून असतो. या वेळी ते सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. जुनी दप्तरं, कायदा आणि तोंडी इतिहास यांचं काम रोज करणाऱ्या मंडळींनी उत्तरं लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

माझ्या आधार कार्डावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता आहे. कॉलेजात एकीने विचारलं, ‘फ्री म्हणजे फुकटात मिळालेली का?’ घरी विचारलं तर वडील विषय बदलतात. (विद्यार्थिनी)

फुकट नाही. इथे ‘फ्री’ म्हणजे कुंपणाबाहेरची. ‘सेटलमेंट’ आणि ‘फ्री कॉलनी’ हे दोन्ही शब्द सरकारी कागदातून तुमच्या पत्त्यात आले आहेत.

ब्रिटिश सरकारने १२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमात कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा आला. त्याची रीत अशी : सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून राजपत्रात जाहीर करायची. मग जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्या जमातीच्या माणसांची यादी करायची, बोटांचे ठसे घ्यायचे. त्या माणसाने काही केलं आहे का, हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. त्या घरात जन्म झाला एवढं पुरे होतं. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोयही कायद्यानेच बंद केली होती.

नाव चढलं की हजेरी लागायची. गाव सोडायचं तर पास हवा. संशयास्पद स्थितीत सापडला, म्हणजे पोलिसांना तसं वाटलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान ७ वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळं पाणी. आणि सरकारच्या मनात आलं तर अख्खी कुटुंबं उचलून कुंपणाच्या वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये ठेवता येत. अशा वसाहती विजापूर, हुबळी, गदग, बारामती इथे होत्या, तशीच सोलापुरातही होती. मुंबई इलाख्यातल्या वसाहतींचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याकडे होता. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनने चालवली आणि तिला ‘उमेदपूर’ म्हणत. मिशनने शाळा चालवली, औषधपाणी केलं, हे खरं. कुंपणही तिथेच होतं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिता आल्या पाहिजेत.

सोलापूरच का? कारण इथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसं हवी होती. वसाहतीतली माणसं पाळीला गिरणीत जात आणि पाळी सुटली की कुंपणात परतत. गिरणीच्या फाटकावर एक हजेरी, वसाहतीच्या फाटकावर दुसरी. ज्यांची वागणूक अधिकाऱ्यांच्या पसंतीस उतरली त्यांना परवान्यावर कुंपणाबाहेर घर करून राहू देत. ती फ्री कॉलनी. तुमच्या पत्त्यातला ‘फ्री’ हा तुमच्या पणजोबांनी कित्येक वर्षं बिनतक्रार हजेरी देऊन मिळवलेला शब्द आहे. वडील विषय बदलतात, कारण हा पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना अडवून विचारू नका. पुढे मुलाखतीबद्दल लिहिलं आहे, ते वाचून मग बसा.

खरं सांगा, ही माणसं चोऱ्या करतच नव्हती का? की आता सगळं गोड गोड लिहायचं? (निवृत्त अधिकारी)

काही जण करत होते. ते लपवायचं कारण नाही आणि लपवलं तर बाकीच्या लिखाणावरचा विश्वासही उडेल. पण प्रश्न वेगळा आहे. चोरी करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा तेव्हाही होताच. १८६० ची दंडसंहिता होती. मग दुसरा कायदा कशाला लागला? कारण पहिल्या कायद्यात गुन्हा सिद्ध करावा लागतो. कायदा करताना मांडणी अशी झाली की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. जातीवरून रक्ताचा निष्कर्ष काढायचा आणि रक्तावरून शिक्षा द्यायची, हा शुद्ध वंशवाद झाला. १८९७ च्या दुरुस्तीने तर ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची सोय केली. चार वर्षांच्या पोराने कोणता दरोडा घातला होता?

पोट कसं तुटलं तेही पाहा. बंजारा आणि कैकाडी मंडळी बैलांवर, गाढवांवर मीठ आणि धान्य वाहत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि तांड्यांच्या वाटा ओस पडल्या. १८७८ च्या वन कायद्याने जंगल बंद झालं. शिकार गेली, टोपल्या-कणग्यांसाठी लागणाऱ्या फोकाट्यांना बंदी आली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने पोटभर भोगला. ज्याला जमीन नाही, गाव नाही, त्याच्या हाती काय उरलं? फिरता माणूस सरकारला नको होता, कारण त्याच्यावर सारा बसवता येत नव्हता आणि नजरही ठेवता येत नव्हती.

आमच्या शहरातल्या बातम्यांत ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ असं रोज छापतात. यात गैर काय? (वार्ताहर)

‘भामटा’ हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या समाजांच्या, यादीत १४ नावं आहेत : बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. ही यादी कुठल्याही मराठी माणसासमोर मोठ्याने वाचा. निम्म्याहून अधिक नावं त्याने शिवी म्हणून ऐकलेली असतात. भांडणात ‘कैकाडी’ म्हणतात, मळकट पोराला ‘पारधी’ म्हणतात, अर्वाच्य बोलण्याला ‘वडारी भाषा’ म्हणतात. कायदा १९५२ मध्ये गेला, पण तो आपल्या जिभेवर राहिला.

बातमीत करायचं ते सोपं आहे. फसवणारा असेल तर ‘तोतया’, ‘लबाड’, ‘फसवणूक करणारा’ लिहा. पाकीट मारलं तर ‘पाकीटमार’ किंवा ‘चोरटा’. आरोपीची जात बातमीत लिहू नका. ‘पारध्यांची टोळी’ असं पोलिसांच्या टिपणात आलं तरी तसंच उतरवू नका. ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्द इतिहास सांगताना टाळता येणार नाही, पण अवतरणात घाला किंवा त्याच्या आधी ‘सरकारने ठरवलेल्या’ हे जोडा. आणि ‘जन्मजात’, ‘पिढीजात गुन्हेगार’, ‘पूर्वाश्रमीचे गुन्हेगार’ हे तिन्ही शब्द कायमचे काढून टाका. तिसरा सगळ्यात फसवा. तो सहानुभूतीच्या लेखातच सापडतो.

सुटकेची तारीख कोणती धरायची? आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन करतो. पण म्हातारी माणसं सांगतात, ‘नेहरू आले, त्यांनी तारा तोडल्या.’ (मंडळाचे कार्यकर्ते)

दोन वेगळ्या घटना आहेत, एकीने दुसरी खोटी ठरत नाही. मुंबई प्रांताने हा कायदा ऑगस्ट १९४९ मध्ये रद्द केला. केंद्राने या कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या अय्यंगार समितीचा अहवाल घेऊन रद्द करणारा कायदा आणला, तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर अमलात आला. विमुक्त दिनाची तारीख ती. नेहरूंनी तारा तोडल्याची आठवण सोलापुरात १९६० च्या सुमाराची म्हणून सांगतात. कागदावरचा कायदा जाणं आणि डोळ्यांसमोरची तार जाणं यांत वर्षं गेली, हेच त्या आठवणीचं मोल आहे. भाषणात ‘कायदा रद्द : ३१ ऑगस्ट १९५२’ असं म्हणा आणि तारांची आठवण ज्यांची आहे त्यांच्या तोंडून ऐकवा. दोन्हींची खिचडी करून ‘१९५२ ला नेहरूंनी तारा तोडल्या’ असं फलकावर रंगवू नका. ती चूक पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाच्या फलकावर जाते आणि दहा वर्षांत इतिहास होऊन बसते.

एक गोष्ट भाषणात सहसा राहून जाते. गुन्हेगार जमात कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे आले. आपल्याकडे मुंबई सराईत गुन्हेगार कायदा १९५९ चा. त्यात जातीचं नाव नाही, पण वस्तीवर येणारा शिपाई तोच राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या नियमांविरुद्ध निकाल देताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियमही रद्द ठरवले. त्या निकालाचा मराठी सारांश एका पानात करून विमुक्त दिनाला वाटा. हारतुऱ्यांच्या खर्चात ५०० प्रती सहज निघतील.

आजोबांची मुलाखत मोबाइलवर घ्यायची आहे. वय ८६. कशी घ्यावी? (नात, जुळे सोलापूर)

लवकर घ्या. १९५२ मध्ये जो सात वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. हजेरी स्वतः पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आधी आवाजाचं बघा. सोलापुरात घराशेजारी यंत्रमाग असतो आणि त्याचा खडखडाट आपल्या कानाला जाणवेनासा होतो. फोनला मात्र तोच आधी ऐकू येतो. माग बंद असतो तो वार निवडा. खोलीतला पंखा बंद करा, फ्रिजचा प्लग काढा (निघताना परत लावायची चिठ्ठी दारावर चिकटवा), फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका. खिडकीला चादर टांगली, खाली सोलापुरी चटई अंथरली की घुमणं कमी होतं. फोन आजोबांच्या तोंडापासून एक वीत, म्हणजे साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर, थोडा बाजूला, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. स्टीलच्या टेबलावर ठेवला तर पेल्याचा प्रत्येक आवाज घणासारखा उमटतो. ध्वनिमुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला सुमारे ३२० एमबी लागतात, म्हणून आधी २ जीबी जागा मोकळी करा. सुरुवातीला ३० सेकंद कुणीच बोलू नका. ती शांतता नंतर आवाज साफ करायला लागते. व्हॉट्सअॅपवरून फाइल पाठवू नका, तिथे आवाज दाबला जातो.

प्रश्नांची गोष्ट जास्त नाजूक आहे. पहिला प्रश्न चोरीचा नको, अन्यायाचाही नको. ‘तुम्हाला कसं वाटायचं?’ असं विचारलं तर ‘काय वाटायचंय?’ एवढंच उत्तर येतं. हात आणि पाय ज्या गोष्टींना लागले त्या विचारा. फाटक कुठल्या दिशेला होतं? हजेरी कोण घ्यायचं, नावाने की नंबराने? पास कागदाचा होता की पुठ्ठ्याचा? तो कुठे ठेवायचे, कनवटीला की टोपीत? गड्ड्याच्या जत्रेला जाऊ द्यायचे का? लग्नाला बाहेरगावचे पाहुणे आले तर काय करायचं? आजीला माहेरी जायचं असलं तर? एका पासच्या प्रश्नातून पाऊण तासाची हकिकत निघते.

साल विचारू नका. चुकतं आणि चुकलं की माणूस ओशाळतो. खुणा विचारा : मार्शल लॉ, म्हणजे १९३०, त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला, गांधीजी गेले तेव्हा, रझाकारांची गडबड चालू होती तेव्हा, बहात्तरचा दुष्काळ. या खुणांवरून साल आपण लावायचं.

मधेच आजोबा घरच्या भाषेत गेले तर थांबवू नका. कैकाडी भाषा तमिळच्या जवळची आहे, पारध्यांची बोली गुजरातीच्या. ज्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसत त्या याच भाषेत बोलल्या जायच्या. तो भाग तसाच मुद्रित करा आणि अर्थ नंतर घरातल्या दुसऱ्या जाणत्याकडून लिहून घ्या.

एका बैठकीला सव्वा तासाहून अधिक ओढू नका. डोळे भरून आले तर फोन बंद करू का असं विचारा आणि हो म्हणाले तर खरोखर बंद करा. संमती सुरुवातीला एकदा आणि सगळं ऐकवून झाल्यावर पुन्हा एकदा घ्या, आणि तिच्या तीन पायऱ्या ठेवा : फक्त घरात ठेवायचं, नाव बदलून वापरायचं, नावासह वापरायचं. सुरुवातीला ‘नाव घाला’ म्हणणारे पुष्कळ जण ऐकल्यावर ‘नको’ म्हणतात, बहुतेक वेळा नातवंडाच्या लग्नासाठी. ते मान्य करायचं. वाद घालायचा नाही.

लिहून काढायला एका तासाच्या मुद्रणाला पाच ते सात तास लागतात. भाषा सुधारू नका. ‘शेटलमेंट’ म्हणाले तर ‘शेटलमेंट’च लिहा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आणि आजोबांकडे जुना पास, गिरणीचं पगारपत्रक किंवा फोटो निघाला तर कृपा करून त्याला लॅमिनेशन करू नका. यंत्रातली उष्णता आणि प्लॅस्टिकचा गोंद कागदात भिनतो आणि तो परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, पाच-सहा वर्षांत पिवळी पट्टी पडते. काळ्या कापडावर ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा. स्कॅन करायचं तर कागद ३०० आणि छायाचित्र ६०० डीपीआयवर. मागे लिहायचं असेल तर पेन्सिलीने, कडेला. मग आम्लरहित कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत.

आमच्या वस्तीची सरकारी कागदपत्रं कुठे मिळतील? (संशोधक विद्यार्थी)

पहिली अडचण स्पेलिंगची आहे. इंग्रजी सूचीत सोलापूर ‘एस-ओ’ने सुरू होत नाही, ‘एस-एच’ने होतं, तेव्हा शोलापूर लिहीत. कित्येक जण इथेच ‘काही नाही’ म्हणून परततात. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. तिथे गृह खात्याच्या सूची १९११ पासून पुढे पाहा. मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमात कायद्याच्या अंमलबजावणीचे वार्षिक अहवाल छापील आहेत; त्यांत पोलिसांचा भाग वेगळा आणि वसाहतींचा भाग वेगळा. दोन्ही वाचा, कारण पहिल्यात जी माणसं ‘फरार’ आहेत त्यांचं कारण कधी कधी दुसऱ्यात सापडतं. जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्या. टिपणं पेन्सिलीने घ्यायची तयारी ठेवा. १९३७ नंतर मुंबई सरकारने याच कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मुन्शी समितीचा अहवाल आणि स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल (त्या समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते) हेही पाहा. मिशनची बाजू हवी तर अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

१८८४ चं सोलापूर गॅझेटियर सगळे उद्धृत करतात. वापरा, पण त्यातली समाजांची वर्णनं म्हणजे साहेबाने काय पाहिलं याचा पुरावा. ते समाज कसे होते याचा तो पुरावा नव्हे.

स्थानिक दप्तरासाठी माहिती अधिकाराचा अर्ज : १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सेटलमेंटची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज बुडाला. ‘अमुक सर्व्हे नंबरच्या जागेचं १९२० ते १९६० मधलं मोजणी पत्रक व फेरफार नोंद’ असं नेमकं मागा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. ‘रेकॉर्ड नष्ट झालं’ असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत मागा. बऱ्याचदा त्यानंतर रेकॉर्ड सापडतं.

हाती नोंदवही लागली तर पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यात खऱ्या माणसांची नावं, ठसे, अंगावरच्या खुणा आहेत आणि त्यांची पतवंडं आज शहरात नोकरी करतात. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. आपण तरी विचारू.

जातीच्या दाखल्यात हा इतिहास उपयोगी पडतो का? (पालक)

पडतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे. त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहतं आणि जात अमुक आहे, हे दाखवायचं. जमीन नसलेल्यांकडे सातबारा कुठून येणार? म्हणून आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद (गाव नमुना १४), गिरणीच्या नोकरीचे कागद आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र यांवर भर द्या. वसाहतीच्या शाळेतली नोंद असेल तर ती फार मोलाची.

घोळ होतो तो नावांत. नुसतं ‘पारधी’ लिहिलं असेल तर अडतं, कारण फासे पारधी अनुसूचित जमातीत आहेत आणि पाल पारधी, राज पारधी विमुक्त जातीत. मांग गारुडी अनुसूचित जातीत येतात. कैकाडी सोलापुरात विमुक्त जातीत, पण विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत. सोयरिकीतल्या विदर्भाच्या पाहुण्यांचा दाखला पाहून सोलापुरात अर्ज भरला की फेटाळला जाणार. शाळेच्या रजिस्टरात जुनं स्पेलिंग चुकीचं असेल तर मुख्याध्यापकांकडून गुपचूप दुरुस्त करून घेऊ नका. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना केलेली खाडाखोड पडताळणी समितीला लगेच दिसते आणि खरी नोंदही संशयात जाते. जुनी नोंद तशीच राहू द्या, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा.

आठवीच्या वर्गात हा विषय घ्यायचा आहे. मुलांना हजेरीचं नाटक करायला लावू का? (शिक्षिका)

नको. वर्गात त्या समाजाचं मूल असेल, आणि सोलापुरात असतंच, तर शिपाई कोण आणि रांगेत कोण हे मुलं मधल्या सुट्टीत स्वतःच ठरवतील. त्याऐवजी कायद्याचं एक कलम सोप्या मराठीत फळ्यावर लिहा आणि विचारा : या कलमाखाली शिक्षा व्हायला काय सिद्ध करावं लागतं? मुलं दोन-तीन मिनिटं शोधतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘बाई, काहीच नाही.’ तास तिथेच जमतो. ‘तुमच्यापैकी कोण आहे त्यातलं?’ हा प्रश्न कधीही विचारू नका.

वस्तीच्या तोंडाशी स्मरणाची पाटी लावायची आहे. मजकूर द्याल का? (मंडळाचे कार्यकर्ते)

चार हुतात्म्यांचा चौक शहराच्या मध्यावर आहे आणि लहान पोरालाही ठाऊक आहे. सेटलमेंटची एकही ओळ त्याच मुलाला ठाऊक नसते. म्हणून पाटी हवीच. पण आधी एक काम : वस्तीतल्या घराघरांत मजकूर वाचून दाखवा, विशेषतः बायकांना आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना. चुकीची पाटी त्यांच्या दारात नवा शिक्का होऊन बसेल. बहुसंख्य नको म्हणाले तर वस्तीच्या तोंडाशी न लावता जुन्या गिरणीच्या परिसरात किंवा वाचनालयात लावा.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘येथे पूर्वी गुन्हेगार जमाती राहत असत’ असं आहे. ‘राहत असत’ वाचून वाटतं, हौसेने राहायला आले होते. दुसऱ्या मसुद्यात ‘त्यांना ठेवले गेले’ आहे. कुणी ठेवलं? कर्ता गाळू नका. आम्ही असं सुचवतो :

‘या जागेभोवती तारेचं कुंपण होतं. ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमात कायद्याखाली अनेक समाजांच्या कुटुंबांना, कोणताही गुन्हा सिद्ध न करता, केवळ जन्मावरून इथे डांबलं. त्यांना रोज हजेरी द्यावी लागे. पासाशिवाय बाहेर पडणं हा गुन्हा होता. भारत सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द केला. याच माणसांनी सोलापूरच्या गिरण्या चालवल्या. त्यांची मुलं-नातवंडं या शहरात राहतात.’

समाजांची नावं घालायची की नाही ते वस्तीने ठरवावं. घातली तर सगळी घाला. एक राहिलं तर पाटी पहिल्याच दिवशी वादात सापडेल.

दगड काळा ग्रॅनाइट, ६० बाय ४५ सेंटिमीटर, जाडी किमान २. अक्षर खोल कोरलेलं हवं. नुसता रंग सोलापूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत उडतो. अक्षराची उंची दीड सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, आणि देवनागरीला ओळींत जागा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. कोरण्याआधी मजकूर त्याच मापात कागदावर छापून भिंतीला लावा आणि चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजींना तीन पावलांवरून वाचायला सांगा. ‘कुंपण’, ‘सिद्ध’, ‘ब्रिटिश’ हे शब्द कोरणारे हमखास चुकवतात; मुद्रितावर दोघांच्या सह्या घ्या. दगड महापालिकेच्या जागेत बसवायचा तर लेखी परवानगी, खासगी भिंतीवर बसवायचा तर मालकाचं ना-हरकत पत्र. पडदा ओढायला पुढाऱ्याला बोलवायचं की हजेरी पाहिलेल्या म्हातारीला, हेही आधीच ठरवा. म्हातारी असेल तर कार्यक्रम सकाळी दहाच्या आत ठेवा आणि दगड तिच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर बसवा.